मधोमध कोण बसणार

आमच्या फोटोच्या दुकानात मी आठ वर्षं होते, पण अंधाऱ्या खोलीत. पुढच्या दालनात ह्यांनी फोटो काढायचे आणि मागे तांबड्या कंदिलाच्या उजेडात मी फोटोच्या काचा औषधात धुवायच्या, अशी वाटणी लग्नापासूनच ठरलेली. ह्यांचे फोटो पुण्यात नावाजलेले होते आणि त्याचं कारण ह्यांचा एक नियम. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. मधोमध खुर्ची, खुर्चीत नवरा, डाव्या हाताला फुलदाणी, उजव्या हाताला तशीच फुलदाणी. बायको उभी असेल तर दुसऱ्या बाजूला तिच्या उंचीचा लाकडी खांब. तो खांब आमच्याकडे मुद्दाम करून घेतलेला होता. किती बायकांशी तो जोडीनं उभा राहिला असेल, देव जाणे.

एके दिवशी वऱ्हाडातले एक कापडाचे व्यापारी, इब्राहिमशेट, दुकानात आले. गाव लोणार, जिल्हा बुलढाणा. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि जावई रंगूनला दुकान चालवत होता. मुलगी एकदा आगबोटीत बसली की परत कधी दिसेल त्याचा नेम नाही, म्हणून तिच्या आईनं एकच हट्ट धरला होता. लेकीसोबत आपला एक फोटो हवा. पण घरात पडदा कडक. "तुमच्याकडे फोटो काढणारी बाई आहे का?" असं त्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "नाही."

मी आतून म्हणाले, "आहे."

आतून म्हटल्यावर बाहेर यावंच लागलं. हात औषधांनी पिवळे झालेले, पदर खोचलेला. शेटजींनी खाली बघत अटी सांगितल्या. फोटो बाईनंच काढायचा, तिथंच धुवायचा, काच आणि छापलेला कागद दोन्ही घरात ठेवून जायचं आणि घराबाहेरच्या एकाही पुरुषाच्या नजरेस तो पडता कामा नये. मी कबूल केलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू फुलदाणीच बोलली. मग रात्री जेवताना म्हणाले, "मी बरोबर येतो. तोल कोण सांभाळणार?"

दुसरबीड

जालन्यापर्यंत आगगाडी आणि पुढे मोटार. निजामाचा मुलूख संपून वऱ्हाड लागलं तसं दोन्ही बाजूंना कपाशी वेचून झालेली शेतं आणि तुरीची उभी पिकं दिसू लागली. आमच्या मोटारीनं दुसरबीडला जी बसकण मारली, ती काही केल्या उठेना. ड्रायव्हर खाली शिरला, वर आला, विडी ओढली, पुन्हा खाली शिरला. शेवटी त्यानं आम्हांला आशीर्वाद दिल्यासारखा हात वर केला आणि सामान उतरवायला सुरुवात केली.

रस्त्याकाठच्या दुकानदारानं सुपडाभाऊला बोलावून आणलं. हा गावातला शेतकरी, पन्नाशीचा, काटकुळा. त्याची बैलगाडी लोणारला जायला तयार होती. सामान भरायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं. पुढे एक ट्रंक, मागे एक ट्रंक. डावीकडे कॅमेऱ्याची पेटी, उजवीकडे औषधांच्या बाटल्यांची पेटी. मला मागच्या टोकाला बसवलं आणि स्वतः पुढच्या टोकाला बसले. चित्र अगदी नेमकं झालं होतं. सुपडाभाऊनं बैल जुंपले, चार पावलं नेले, आणि चढ लागताच गाडी उलाळली. जू वर, बैलांचे गळे ताणलेले, मी आणि ट्रंक मागे घसरत चाललेलो. मी तीन पायांचं स्टँड धरून ठेवलं म्हणून रस्त्यावर पडले नाही.

सुपडाभाऊ हसला नाही. त्यानं शांतपणे सगळं उतरवलं.

"सायेब, दोन्हीकडं सारखं ठेवलं म्हंजे गाडी तुलते, असं कोनं सांगतलं तुमाले?"

"वजन समान नको का?" हे म्हणाले.

"समान कायले? जड हाय ते आखापाशी ठेवा. हलकं असंल ते लांब गेलं तरी चालते. जवळचं जड अन् लांबचं हलकं, हे एकमेकाले धरून राह्यते. नाही पटत त बैलाच्या मानंले इचारा."

त्यानं दोन्ही ट्रंका चाकांच्या आखाजवळ एकावर एक रचल्या, ह्यांना त्यांना टेकवून बसवलं, आणि मला एकटीला पार मागे, हातात स्टँड देऊन. बघायला गाडी वेडीवाकडी दिसत होती. एका जागी डोंगर आणि टोकाला मी. पण बैल मान हलवत चालू लागले आणि पुढे दीड दिवस गाडीनं एकदाही जू उचललं नाही. मला मागून सगळा रस्ता मोकळा दिसत होता, हे पाठीशी ट्रंका घेऊन कुरकुरत होते. इतकी मजा मला लग्नानंतरच्या एकाही प्रवासात आली नव्हती.

दुपारी एका शेतात थांबलो. शेतकऱ्याच्या घरच्यांनी गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले होते. कणकेचे हे जाड गोळे राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. भाजीच्या तिखटानं ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. घरधनीण काळजीनं म्हणाली, "पुन्यात मिरच्या नसते काय हो?" पुण्यात असते, पण ती भाजीत गुळाच्या आड लपून बसते, असं मी सांगितलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं. निघताना तिनं वाटेसाठी म्हणून मिरच्यांचा ठेचा बांधून दिला.

लोणार, सरोवर आणि देऊळ

लोणारचं सरोवर मी शब्दांत काय सांगू. काठावर उभं राहावं तर पायाखाली एकदम जमीन संपते आणि खोल तळाशी हिरवं पाणी दिसतं, सभोवार झाडीची उतरण. वारा आला की खाऱ्या चिखलाचा उग्र वास येतो. हे खूश झाले, कारण इतकी वाटोळी वस्तू देवानं दुसरी केलेली नाही. पण काठावर कुठूनही उभे राहा, पूर्ण वर्तुळ काही कॅमेऱ्यात मावेना. ह्यांनी जागा बदलून बदलून सहा काचा खर्च केल्या. सातव्या वेळी चित्राच्या एका कडेला एक म्हातारा गुराखी आला आणि तिथंच बसून राहिला. ह्यांनी त्याला हात करून बाजूला घालवलं. मला तो तिथं हवा होता. त्याच्यामुळे सरोवर केवढं आहे ते कळत होतं.

दैत्यसूदनाच्या देवळात मात्र ह्यांची खरी चंगळ झाली. डावीकडे जितक्या मूर्ती तितक्याच उजवीकडे, जितक्या खाचा इकडे तितक्याच तिकडे. हे दोरीनं मध्य मोजत होते आणि पुजारी दोरीचं दुसरं टोक धरून उभा होता. देऊळ खरोखर फार सुंदर आहे, आणि तिथं ह्यांचा नियम शोभतो हे मी मोकळ्या मनानं कबूल करते. डझनभर काचांच्या दोन पेट्या आणल्या होत्या, त्यातली एक संध्याकाळपर्यंत संपली. दुसरी माझी.

इब्राहिमशेटांचं घर

घर मोठं, मधे चौक, चौकाच्या पलीकडे बायकांचं माजघर. पुरुष दिवाणखान्यात, आणि दोहोंच्या मधे एक दार, दाराला जाड पडदा. हे पडद्याच्या त्या बाजूला राहिले आणि मी ह्या बाजूला आले.

शेटजींच्या पत्नी सकीनाबी किरकोळ अंगाच्या, ठेंगण्या, बोलण्यात शांत. "दमल्या असान, बाई. तुमच्यासाठी चूल अलग मांडली हाय. शेजारच्या बामनीनबाईनं येऊन सारवून देल्ली, भांडेबी तिच्याच घरचे." परक्या माणसाच्या सोवळ्याची इतकी काळजी पुण्यात कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच चुलीवरचा चहा घेतला आणि शेवयाही खाल्ल्या. हे मी पुण्यात कुणाला सांगितलेलं नाही. आता इथं लिहिलं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं.

मुलगी राबिया अठरा-एकोणीस वर्षांची. सडसडीत, आणि घरात सगळ्यांत कमी बोलणारी. शेटजींची विधवा बहीण, जिला सगळे फूफी म्हणत, ती ह्या दोघींची कसर भरून काढायची. अंगानंही आणि आवाजानंही. फूफी बाजेवर बसली की बाज कुरकुरे आणि फूफी बाजेलाच दटावत असे. चौथी चांदबी, घरातली जुनी मोलकरीण. तिनंच राबियाला लहानाचं मोठं केलेलं.

संध्याकाळी मी कोठीच्या खोलीत, दार लावून, दुसऱ्या पेटीतल्या दोन काचा कॅमेऱ्याच्या चौकटीत भरून ठेवल्या. ह्या चौकटीत पुढे एक आणि मागे एक अशा दोनच बसतात. उरलेल्या दहा काचा काळ्या कागदात गुंडाळून पेटी फळीवर ठेवली. "उघडू नका" असं सांगायला हवं होतं. मला वाटलं, काळा कागदच सांगेल.

सकाळी उठून चौकात आले तो ओट्यावर ओळीनं दहा काचा उन्हात वाळत घातलेल्या. लखलखीत. आरपार दिसत होतं.

चांदबी हात पुसत पुढे आली. तिचा चेहरा आनंदानं फुललेला.

"बाई, काचाईले केवढा मळ बसला होता! नुस्ता पांढरा थर. पान्यानं निघे ना, मंग राखेनं घासल्या. शहरातल्या मान्साईले येळ नसते, मले समजते."

तो पांढरा थर म्हणजेच काचेचा जीव. त्याच्यावरच चित्र उमटतं. दीडशे कोसांवरून मी तो अंधारात जपून आणला होता आणि चांदबीनं पाहुणीचं काम हलकं करायचं म्हणून पहाटे उठून, कंदिलाच्या काचा घासतात तसा, घासून काढला. मी ओट्यावर बसले आणि रडू लागले. चांदबीला काय झालं ते राबियानं समजावून सांगितलं, तेव्हा ती माझ्याहून मोठ्यानं रडू लागली. मग फूफी आली. तिनं एक काच उचलली, डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही म्हना, काच साफ निघाली." मला इतकं हसू आलं की रडणं तिथंच राहिलं.

पण स्थिती अशी होती. दोन काचा. राबिया परवा रंगूनला निघणार.

चौकात

पहिली काच मी ह्यांच्या नियमानं काढली. भीती वाटली म्हणून काढली. हे पडद्यापलीकडून ओरडत होते, "अगं, मुलगी मधोमध! आई उजवीकडे, आत्या डावीकडे! दोघींची डोकी एका रेषेत आण!"

आता आई ठेंगणी नि आत्या डोंगराएवढी. दोघींची डोकी एका रेषेत यायची कशी? सकीनाबींना पाटावर पाट ठेवून बसवलं. तरी कमी पडलं म्हणून तिसरा पाट. फूफीला सांगितलं की जरा खाली वाकून बसा. मी भिंगावरची टोपी काढली, "एक" म्हटलं, आणि फूफीला वाकून वाकून उचकी लागली. ती उचकी तिसऱ्या पाटापर्यंत पोचली. पाट घसरले, सकीनाबी घसरल्या, राबियानं आईला धरायला हात पुढे केला. ती काच मी नंतर धुतली. तिच्यात सहा हात आणि एक पाट आहे.

"झाला का?" पडद्यापलीकडून.

"नाही," मी म्हणाले. "आणि आता कृपा करून गप्प बसा."

आठ वर्षांत मी ह्यांना असं बोलले नव्हते. पलीकडून शेटजींचा हलका आवाज आला, "साहेब, चहा घ्या."

एकच काच उरली. मी काळं कापड डोक्यावर घेतलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेत बघत राहिले. तिच्यात सगळं उलटं दिसतं, खाली डोकं वर पाय. चेहरे ओळखू येत नाहीत, कोण कुठं किती जागा अडवतं तेवढंच दिसतं. फूफी जड होती. मधे ठेवली तरी जड, कडेला ठेवली तरी जड. तेवढ्यात मला दुसरबीडचा चढ आठवला आणि सुपडाभाऊनं रचलेल्या ट्रंका.

मी बाहेर आले आणि कामाला लागले. फूफीला बाजेवर मध्यापासून जरा डावीकडे बसवलं, मांडी घालून, जशी ती रोज बसते तशी. सकीनाबींना तिच्या खांद्याला लागून. राबिया म्हणाली, "चांदबी पायजे." चांदबी स्वयंपाकघरात तोंड लपवून बसली होती. राबियानंच तिला हाताला धरून आणलं आणि ती फूफीच्या मागे उभी राहिली. तिघी एका जागी, एक मोठा गठ्ठा. मग राबियाला मी चौकाच्या पार दुसऱ्या कडेला नेलं, खांबापाशी. मधे नुसता सारवलेला चौक आणि त्यावर सकाळचं ऊन.

सकीनाबी उठून उभ्या राहिल्या.

"माही लेक येवढी दूर काऊन उभी केली, बाई? ते का परकी हाय? मले तिच्याजवळचा फोटो पायजे."

तोलाचं सगळं गणित माझ्या डोक्यात होतं, पण समोर आई उभी होती. मी म्हणाले, "तुम्ही स्वतः बघा. नको वाटलं तर जवळ आणू." आणि त्यांच्या जागेवर मी बसले, त्यांना काळ्या कापडाखाली पाठवलं.

त्या पुष्कळ वेळ आत राहिल्या. फूफीला धीर निघेना. ती उठली आणि सकीनाबींना बाजूला सारून तीही कापडात शिरली. "या अल्ला, सगळा चौकच उलटा! राबियाले उलटी काऊन टांगली, बाई?" आतून दोघींचं हसू ऐकू येऊ लागलं. मग फूफीला चांदबीनं ओढून बाहेर काढलं, कारण तिलाही बघायचं होतं. पलीकडे पुरुषांना काही कळेना. हे काळजीनं म्हणाले, "अगं, काय चाललंय?"

सकीनाबी शेवटी बाहेर आल्या तेव्हा हसत नव्हत्या.

"चेहरा त दिसून नाही राह्यला," त्या सावकाश म्हणाल्या, "पन नजर तिच्याकडंच जाऊन राह्यली. घडीघडी."

"मग?"

"राहू द्या. तिथंच राहू द्या."

सगळ्या आपापल्या जागी बसल्या. मी चौकट चढवली, काचेपुढची सरकती फळी वर ओढली, टोपीला हात घातला. फूफी समोर बघत होती, चांदबी समोर बघत होती, राबिया समोर बघत होती. सकीनाबींनी मात्र मान वळवली होती आणि त्या लेकीकडे बघत होत्या. "इकडे बघा" हे दोन शब्द आठ वर्षं मी अंधाऱ्या खोलीतून ऐकत आले होते आणि ते माझ्या जिभेवर आलेही. मी ते गिळले. टोपी काढली. एक, दोन, तीन. कुणी हललं नाही, फूफीसुद्धा नाही.

कोठीची खोली

धान्याच्या कोठीला खिडकी नव्हती, म्हणून भर दुपारी तिथं हवा तसा अंधार होता. तांबडा कंदील लावला, तीन परातींत औषधं ओतली. चौघीजणी कणग्यांना टेकून उभ्या राहिल्या. मी काच पहिल्या परातीत सोडली आणि परात हळूहळू डोलवू लागले. पुण्यात हे मी हजार वेळा केलं असेल, पण त्या काचा ह्यांच्या. आधी काहीच नाही. मग एका कडेला बारीक रेघ उमटली, खांबाची. तिच्याशेजारी राबियाची ओढणी, आणि मग एकदम सगळ्याच. चांदबी पुटपुटली, "पुसू नका कोनी." फूफी तिच्या पाठीवर थाप मारून हसली.

काच वाळल्यावर चौकात, उन्हातच कागदावर छापली. कागद तपकिरी होत गेला आणि चौघी सुलट्या, ओळखू येतील अशा दिसू लागल्या. मी पाणी मारून, औषधातून काढून तो सकीनाबींच्या हातात दिला. त्या फूफीकडे बघत नव्हत्या, स्वतःकडेही नाही. आपल्यापासून राबियापर्यंतच्या मोकळ्या चौकावरून त्यांनी एक बोट फिरवलं, इकडून तिकडे.

"रंगून इतकंच दूर हाय का, बाई?"

राबिया आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली आणि मग माझाही इलाज चालला नाही. पण ते रडणं वाईट नव्हतं. थोड्या वेळानं फूफी म्हणाली की फोटोत आपण बारीक दिसतो, आणि त्यावर सगळ्यांचं भांडण सुरू झालं.

परतीचा रस्ता

काच आणि कागद रेशमी रुमालात गुंडाळून सकीनाबींनी आपल्या पेटीत ठेवले. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गाव मागे पडलं. तसं हे म्हणाले, "मधोमध कोण बसलं?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही म्हणजे?"

मी सांगू लागले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि एका कागदाच्या पाठीवर मी सांगेन तसं मांडत गेले. इथं तिघींचा गठ्ठा, इथं खांब, इथं एकटी मुलगी, मधला चौक रिकामा. चेहरे काढायचे नाहीत, ह्या अटीवर. कागद त्यांनी दूर धरला, जवळ धरला, उलटा धरला. मला वाटलं, आता दोरी काढतील.

"मुलीच्या बाजूला काहीच नाही, आणि तरी पडत नाही," ते म्हणाले. "आई कुठं बघते आहे?"

"मुलीकडे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकदा बघायला मिळायला हवा होता गं," ते म्हणाले.

माझ्या हातचं काम बघायची इच्छा ह्यांनी आठ वर्षांत पहिल्यांदा बोलून दाखवली, आणि दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी इतकी आनंदात होते की त्या शेतातल्या घरधनीणीनं दिलेल्या ठेच्याचं गाठोडं सोडलं आणि कोरडाच चाखत दुसरबीडपर्यंत आले.